हिवताप : प्रौढांची प्रतिकारशक्ती आणि लशीचे कोडे

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या एखाद्या खेड्यात पावसाळ्याच्या दिवसांत सर्व गावकऱ्यांच्या रक्ताची तपासणी केली, तर एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. दोन-तीन वर्षांचे मूल तापाने फणफणलेले असते, त्याच्या रक्तात हिवतापाच्या परजीवींची गर्दी झालेली असते. त्याच घरातील बाप मात्र शेतावर निघालेला असतो. त्याच्याही रक्तात परजीवी सापडतात, पण संख्येने थोडे. त्याला ना थंडी वाजते, ना ताप येतो. दोघांनाही एकाच खोलीतले डास चावलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार जणांचा या रोगाने बळी घेतला. यातील ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तेथे मरण पावलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. जे शरीर हा रोग पचवण्यास शिकते ते नेमके काय शिकते, आणि तेच लशीच्या साहाय्याने बालकाला आधीच शिकवता येईल काय, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे संशोधकांपुढे आहे.

कॉख यांचे निरीक्षण

हिवतापाचा परजीवी फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात प्रथम पाहिला. डासाच्या पोटात तो वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख जावा बेटावर आणि न्यू गिनीत गेले. वेगवेगळ्या वयोगटांतील लोकांचे रक्त तपासल्यावर त्यांना असे दिसले, की जेथे हिवताप कायम वस्तीला आहे तेथे लहान मुलांच्या रक्तात परजीवी मुबलक आढळतात, प्रौढांच्या रक्तात ते क्वचितच दिसतात. वारंवार लागण होऊन माणसाला प्रतिकारशक्ती येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ही प्रतिकारशक्ती गोवर किंवा देवीसारखी नव्हे. गोवर एकदा येऊन गेला की सहसा जन्मभर पुन्हा येत नाही. हिवतापाची प्रतिकारशक्ती टप्प्याटप्प्याने येते. प्रथम प्राणघातक, तीव्र स्वरूपाच्या आजारापासून संरक्षण मिळते. त्यानंतर काही वर्षांनी साध्या तापापासून. लागण पूर्णपणे टळेल अशी अवस्था तर जवळजवळ येतच नाही. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात ४ ते २५ वर्षे वयाच्या व्यक्तींचा बारकाईने पाठपुरावा करण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाढत्या वयाबरोबर तापाचे प्रमाण घटले, पण परजीवीची लागण होण्याचा धोका घटला नाही. थोडक्यात, प्रौढाचे शरीर परजीवीला दाराबाहेर ठेवत नाही, तो आत आल्यावर त्याला आवरते.

रक्तद्रवातील पुरावा

हे आवरण्याचे काम कोण करते, याचे उत्तर १९६१ मध्ये मिळाले. सिडनी कोहेन, इयान मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांबियातील प्रौढांच्या रक्तातून प्रतिपिंडे असलेला भाग (गॅमा ग्लोब्युलिन) वेगळा केला आणि हिवतापाने आजारी असलेल्या बालकांना तो टोचला. काही दिवसांत बालकांच्या रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने उतरली. ब्रिटनमधील व्यक्तींच्या रक्तातून काढलेल्या अशाच द्रव्याचा परिणाम झाला नाही. पुढे पश्चिम आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे पूर्व आफ्रिकेतील बालकांवरही उपयोगी पडल्याचे दिसले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आफ्रिकेतील प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधील रुग्णांना देण्यात आली, तेव्हाही परजीवी घटले.

या प्रयोगांनी लशीच्या संशोधनाला मोठा आधार दिला. संरक्षण रक्तातील प्रतिपिंडांमुळे मिळते हे सिद्ध झाले होते. आता ही प्रतिपिंडे परजीवीच्या कोणत्या प्रथिनाला लक्ष्य करतात एवढे शोधायचे आणि त्या प्रथिनाची लस बनवायची, असा सरळ मार्ग दिसत होता. प्रत्यक्षात हा मार्ग सरळ निघाला नाही.

एक परजीवी, अनेक रूपे

त्याचे पहिले कारण परजीवीच्या जीवनचक्रात आहे. सर्वांत घातक असलेल्या 'प्लास्मोडियम फाल्सिपेरम' या जातीचा परजीवी ॲनाफेलिस डासाची मादी चावते तेव्हा 'स्पोरोझॉइट' या रूपात शरीरात शिरतो. त्यांची संख्या सहसा काही डझनांपलीकडे नसते आणि थोड्याच वेळात ते यकृतात दडतात. तेथे सुमारे आठवडाभरात एकेका स्पोरोझॉइटपासून हजारो 'मेरोझॉइट' तयार होतात आणि रक्तात उतरतात. ते तांबड्या पेशींत घुसतात, दर ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशींवर हल्ला करतात. ताप, थंडी, पंडुरोग, बेशुद्धी ही सारी लक्षणे या रक्तातील अवस्थेची आहेत. काही परजीवी नर-मादी रूप धारण करतात आणि पुढच्या डासाच्या पोटात जातात.

प्रत्येक अवस्थेत परजीवीच्या अंगावरील प्रथिने वेगळी असतात. त्यामुळे लशीही तीन प्रकारच्या झाल्या : यकृतात पोहोचण्यापूर्वी अडवणाऱ्या, रक्तातील वाढ रोखणाऱ्या आणि डासाकडे होणारा प्रसार थांबवणाऱ्या. प्रौढांची नैसर्गिक प्रतिकारशक्ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारची आहे. आज प्रत्यक्ष वापरात आलेल्या दोन्ही लशी मात्र पहिल्या प्रकारच्या आहेत.

केनियातील ८३ प्रौढ

स्पोरोझॉइटच्या अंगावर 'सर्कमस्पोरोझॉइट' नावाचे प्रथिन (सीएसपी) असते. रूथ नुसेनझ्वाईग यांनी १९६७ मध्ये किरणोत्साराने दुबळे केलेले स्पोरोझॉइट टोचून उंदरांना संरक्षण देता येते हे दाखवले. त्या संशोधनातून पुढे हे प्रथिन प्रकाशात आले आणि १९८४ मध्ये फाल्सिपेरमच्या सीएसपीचे जनुकही हाती लागले. हिवतापाच्या प्रदेशातील प्रौढांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळत होती. संरक्षणाचे रहस्य सापडले, असे वाटण्यास जागा होती.

पश्चिम केनियात या समजुतीची परीक्षा घेण्यात आली. तेथील ८३ प्रौढांच्या रक्तातील परजीवी औषध देऊन नाहीसे करण्यात आले, सीएसपीविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी मोजण्यात आली आणि ९८ दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. या अवधीत ६० जणांना पुन्हा लागण झाली. लागण झालेले ६० आणि न झालेले २३ यांच्या प्रतिपिंडांच्या पातळीत फरक आढळला नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने दोन गोष्टी शिकवल्या. रक्तात प्रतिपिंड सापडणे म्हणजे संरक्षण असणे नव्हे, ती केवळ पूर्वी डास चावल्याची खूण असू शकते. दुसरे असे, की या प्रथिनाची लस करायची असेल, तर निसर्गतः मिळतात त्याहून कितीतरी अधिक प्रतिपिंडे तिने निर्माण केली पाहिजेत.

वेश बदलणारा शत्रू

रक्तातील अवस्थेच्या लशींपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर तो 'पीएफईएमपी-१' हे प्रथिन आणून ठेवतो. त्याच्या आधारे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्यापासून वाचते. एकेका परजीवीजवळ या प्रथिनाच्या सुमारे ६० जनुकांचा संच असतो. शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, की तो दुसरे रूप बाहेर काढतो. शिवाय प्रत्येक परजीवीचा संच वेगळा असतो.

केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथील संशोधनात १९९८ मध्ये असे दिसून आले, की मुलाला आजारी पाडणारा परजीवी बहुधा अशा रूपाचा असतो ज्याविरुद्ध त्या मुलाच्या रक्तात अद्याप प्रतिपिंडे नसतात. प्रौढाने वर्षानुवर्षे अशी असंख्य रूपे पाहिलेली असतात. त्याचे संरक्षण ही एका शस्त्राची किमया नसून हळूहळू भरत गेलेल्या शस्त्रागाराची आहे. केनियाच्या शास्त्रज्ञ फेथ ऑसियर यांच्या अभ्यासांतही मेरोझॉइटच्या एखाद्याच प्रथिनाविरुद्ध नव्हे, तर अनेक प्रथिनांविरुद्ध एकाच वेळी भरपूर प्रतिपिंडे असणाऱ्या मुलांना अधिक संरक्षण मिळाल्याचे आढळले.

एका प्रथिनावर आधारलेल्या लशींना याचा फटका बसला. पापुआ न्यू गिनीतील मुलांवर झालेल्या 'कॉम्बिनेशन बी' या लशीच्या चाचणीत (२००२) परजीवींची घनता काही मुलांत ६२ टक्क्यांनी घटली, पण लशीत ज्या वाणाचे प्रथिन होते तो वाण मागे हटला आणि दुसऱ्या वाणाचे प्रमाण वाढले. केनियात 'एमएसपी-१' या प्रथिनाच्या लशीने बालकांना संरक्षण दिले नाही. मालीतील बांदियागारा येथे 'एएमए-१' लशीची चाचणी ४०० मुलांवर झाली. २०११ मधील निष्कर्षांनुसार एकंदर परिणामकारकता १७ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होती. लशीतील वाणाशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध मात्र ती ६४ टक्के निघाली.

चाचणीसाठी प्रौढ, तरीही अडचण

सुरक्षिततेच्या दृष्टीने नवी लस प्रथम निरोगी प्रौढांना देण्याचा दंडक आहे. युरोप-अमेरिकेतील स्वयंसेवकांनंतर ती हिवतापाच्या प्रदेशातील प्रौढांना दिली जाते आणि मगच बालकांना. पण या प्रौढांच्या शरीरात आधीच प्रतिकारशक्ती असल्याने लशीचे श्रेय किती आणि पूर्वानुभवाचे किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. म्हणूनच अशा चाचण्यांत लागण मोजण्यापूर्वी औषध देऊन रक्त परजीवीमुक्त केले जाते आणि ताप आला की नाही यापेक्षा रक्तात परजीवी पुन्हा कधी दिसला, यावर भर दिला जातो.

गांबियात १९९८ मध्ये 'आरटीएस,एस' या लशीची ३०६ पुरुषांवर झालेली चाचणी याच पद्धतीची होती. पहिल्या नऊ आठवड्यांत लशीने ७१ टक्के संरक्षण दिले, पुढच्या सहा आठवड्यांत ते शून्यावर आले. एकंदर आकडा ३४ टक्के होता. तरीही प्रत्यक्ष प्रादुर्भावाच्या प्रदेशात लस लागण टाळू शकते, हे यातून दिसले आणि बालकांवरील चाचण्यांचा मार्ग मोकळा झाला.

पूर्वानुभव लशीला साथच देईल असेही नाही. संपूर्ण स्पोरोझॉइट दुबळे करून बनवलेली 'पीएफएसपीझेड' ही लस अमेरिकेतील स्वयंसेवकांना आणि मालीतील प्रौढांना सारख्याच मात्रेत देण्यात आली. मालीतील प्रौढांमध्ये प्रतिपिंडे बरीच कमी तयार झाली. टांझानियातही तोच अनुभव आला. वर्षानुवर्षे परजीवीशी झुंजलेली प्रतिकारयंत्रणा नव्या लशीला थंड प्रतिसाद देते, असे यावरून दिसते. मालीतील चाचणीत लस अगदीच निष्फळ ठरली नाही. मोजण्याच्या पद्धतीनुसार २९ ते ४८ टक्के संरक्षण मिळाले.

प्रौढांच्या प्रतिकारशक्तीचे थेट मोजमाप किलिफी येथे करण्यात आले. स्वयंसेवकांना त्यांच्या संमतीने आणि वैद्यकीय देखरेखीखाली स्पोरोझॉइट टोचण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १४२ जणांची माहिती आहे. त्यापैकी ३३ जणांच्या रक्तात परजीवी दिसलेच नाहीत, ५३ जणांनी त्यांना उपचारांविना आटोक्यात ठेवले आणि ५६ जणांना ताप किंवा परजीवींची वाढ यामुळे उपचार द्यावे लागले. एकाच देशातील प्रौढांतही प्रतिकारशक्ती किती कमी-अधिक असते, याची यावरून कल्पना यावी.

वय, विस्मरण आणि गर्भारपण

प्रतिकारशक्ती केवळ लागणींच्या संख्येवर अवलंबून असते काय? इंडोनेशियात जावा बेटावरील कुटुंबे तीव्र हिवतापाच्या पापुआ प्रांतात स्थलांतरित झाली, तेव्हा याचे उत्तर काही अंशी मिळाले. मुले आणि प्रौढ दोघांनाही हा रोग तसा नवीन होता. तरीही एक-दोन वर्षांतच प्रौढांमध्ये लागणीचे प्रमाण मुलांपेक्षा कमी झाले. म्हणजे शरीराच्या परिपक्वतेचाही यात वाटा आहे.

मिळवलेली प्रतिकारशक्ती टिकण्यासाठी पुन्हापुन्हा लागण व्हावी लागते. हिवतापाचा प्रदेश सोडून वर्षानुवर्षे परदेशी राहिलेली व्यक्ती गावी परतल्यावर तापाने आजारी पडू शकते, ती यामुळेच. पण स्मृती पूर्णपणे पुसली जात नाही. मादागास्करच्या पठारी भागातून हिवताप १९६० च्या सुमारास जवळजवळ हद्दपार झाला होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे मोठी साथ उसळली, तेव्हा बालपणी हिवताप अनुभवलेल्या वयस्करांना तरुणांच्या मानाने कमी त्रास झाला.

प्रतिकारशक्ती असलेली स्त्रीही पहिल्या गर्भारपणात पुन्हा दुबळी ठरते. वार (नाळ) हा परजीवीला चिकटण्यास नवा पृष्ठभाग मिळतो आणि 'व्हीएआर-२-सीएसए' हे त्यासाठी लागणारे रूप तिच्या शरीराने पूर्वी पाहिलेले नसते. पुढील बाळंतपणांत संरक्षण वाढते. या निसर्गक्रमावरून गर्भवतींसाठी वेगळी लस तयार करण्याचे प्रयत्न झाले असून अशा दोन लशी माणसांवरील पहिल्या टप्प्यातील चाचण्यांपर्यंत पोहोचल्या.

संरक्षणाची किंमत

लशीमुळे बालकाला लागण कमी झाली, तर नैसर्गिक प्रतिकारशक्ती येण्यासही उशीर होईल काय, ही शंका निराधार नाही. किलिफी येथे 'आरटीएस,एस' लस घेतलेल्या मुलांचा सात वर्षे पाठपुरावा झाला. पहिल्या वर्षी सुमारे ३६ टक्के असलेले संरक्षण चौथ्या वर्षी अडीच टक्क्यांवर आले आणि ज्या भागात डासांचा उपद्रव अधिक होता तेथे पाचव्या वर्षी लस घेतलेल्या मुलांतच रुग्ण अधिक आढळले. या मुलांना तीन मात्रा मिळाल्या होत्या. त्यामुळे चौथ्या मात्रेचे महत्त्व अधोरेखित झाले.

तरीही जमाखर्चात लाभाची बाजू जड ठरली. घाना, केनिया आणि मलावी येथे २०१९ पासून झालेल्या प्रायोगिक लसीकरणात लशीस पात्र वयाच्या मुलांमधील एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. हिवतापाचे मूल पहिल्या काही वर्षांतच दगावण्याचा धोका सर्वाधिक असतो. तो काळ लशीने निभावून नेला, तर उरलेली प्रतिकारशक्ती शरीर पुढे मिळवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी 'आरटीएस,एस'ची आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी 'आर-२१' या दुसऱ्या लशीची शिफारस केली. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या 'आर-२१'चे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. चार आफ्रिकी देशांतील ४,८०० मुलांवरील चाचणीत पहिल्या वर्षात हंगामी हिवतापाच्या भागात तिने ७५ टक्के आणि बारमाही हिवतापाच्या भागात ६८ टक्के संरक्षण दिले.

निसर्गाने न दाखवलेली वाट

अलीकडचे संशोधन प्रौढांच्या प्रतिकारशक्तीची नक्कल करण्याऐवजी तिच्यातील उणिवा हेरू लागले आहे. मेरोझॉइटला तांबड्या पेशीत शिरण्यासाठी 'आरएच-५' हे प्रथिन अत्यावश्यक असते आणि ते वाणागणिक फारसे बदलत नाही. विशेष म्हणजे हिवतापाच्या प्रदेशातील प्रौढांमध्येही याविरुद्धची प्रतिपिंडे अल्प असतात. टांझानियातील बागामोयो येथे या प्रथिनाची लस दिल्यावर प्रौढांपेक्षा तान्ह्या मुलांमध्ये अधिक जोमदार प्रतिसाद आढळला. बुर्किना फासोतील ३६१ बालकांवर झालेल्या चाचणीत 'आरएच-५.१' लशीने सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण दिल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. प्रसार रोखणाऱ्या लशींतील 'पीएफएस-२५' हे प्रथिन तर परजीवी केवळ डासाच्या पोटात असतानाच तयार करतो. माणसाच्या शरीराला त्याची ओळखच नसते.

भारतासाठी अर्थ

भारतातील चित्र आफ्रिकेहून वेगळे आहे. मुंबईसारख्या शहरात गच्चीवरील टाक्यांत वाढणाऱ्या डासांमुळे हिवताप पसरतो, पण लागण इतकी वारंवार होत नाही की प्रौढांना प्रतिकारशक्ती यावी. त्यामुळे येथे लहान-थोर सारेच आजारी पडतात. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात मात्र लक्षणांविना परजीवी बाळगणाऱ्या व्यक्तींचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अशी व्यक्ती स्वतः आजारी नसल्याने दवाखान्यात जात नाही, पण तिला चावलेला डास शेजारच्या मुलाला ताप देऊ शकतो. २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. त्यासाठी केवळ तापाचे रुग्ण शोधून भागणार नाही.

उच्चाटन जसजसे जवळ येईल, तसतशी लोकांची नैसर्गिक प्रतिकारशक्तीही ओसरत जाईल. मादागास्करच्या पठाराने हा धडा दिला आहे. हिवताप गेला म्हणून फवारणी, तपासणी आणि औषधोपचार यांत ढिलाई झाली, तर परतणारी साथ अशा पिढीला गाठेल, जिच्या रक्ताला या शत्रूची ओळखच उरलेली नसेल.